ग्रुप लावताना

वस्तुचित्राची मांडणी करायची असली की मी आधी वस्तू शोधत नाही, खिडकी ठरवते. पुण्यातल्या माझ्या कामाच्या खोलीला दोन खिडक्या आहेत, एक पूर्वेची आणि एक उत्तरेची. मांडणीच्या दिवशी पूर्वेची पूर्ण बंद होते. नुसता पडदा ओढून भागत नाही, त्यावर जाड काळे कापड लावावे लागते. उजेड दोन बाजूंनी आला की प्रत्येक वस्तूला दोन सावल्या पडतात, दोन्ही फिक्या, आणि तांब्याचे पोट सपाट दिसू लागते. एकाच बाजूने आलेला उजेड मात्र त्या पोटावरून हळूहळू फिरतो, कडेकडे जाताना मंदावतो, सावलीत शिरतो आणि तिथे टेबलावरून उसळलेला थोडासा उजेड त्याला पुन्हा भेटतो. एवढे दिसले की तांब्या रंगवण्याजोगा झाला. टेबलावर पडलेली त्याची सावली हीसुद्धा मांडणीतली एक वस्तूच धरायची. तिला आकार आहे, रंग आहे, आणि ती जागा अडवते.

चित्रकलेच्या इंग्रजी पुस्तकांतून आपण सगळेच शिकलो की स्टुडिओला उत्तरेचा उजेड हवा, तो दिवसभर बदलत नाही. युरोपात ते बरोबर आहे. आपल्याकडे मेच्या मध्याला शून्य सावलीचा दिवस येतो, जुलैच्या शेवटी पुन्हा येतो, आणि या दोन दिवसांच्या मधे भर दुपारीसुद्धा सूर्य आपल्या डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो. सकाळ-संध्याकाळचे तिरपे ऊन तर उत्तरेच्या खिडकीतून सरळ टेबलावर येते. म्हणून मे महिन्यात मी त्या खिडकीला बटर पेपर लावते. जून उजाडून ढग आले की तो काढायचा. पावसाळी दिवसातला ढगांतून गाळून आलेला उजेड मला मांडणीसाठी सगळ्यात आवडतो. त्यात सावल्यांच्या कडा विरघळतात, पितळ ओरडत नाही, आणि वांग्याचा जांभळा रंग काळा न होता जांभळाच राहतो. ऑक्टोबरच्या कडक उन्हात हीच मांडणी वेगळे चित्र होते, सावल्या वस्तूंपेक्षा ठळक होतात. तेही रंगवावे, पण ठरवून.

आता वस्तू. घरातल्या, हाताला माहीत असलेल्या वस्तू घ्याव्यात असे माझे स्पष्ट मत आहे. जुन्या बाजारातून आणलेली पानदाने, अडकित्ते, कंदील यांना माझा विरोध नाही, मीही तिथे जाते. पण समई, नथ, खण आणि पैठणी एकत्र ठेवून ‘परंपरा’ रंगवली की चित्र दुकानाच्या काचेसारखे दिसते. त्या वस्तूंचा आपापसात काही व्यवहार नसतो. खलबत्त्याशेजारी लसणाचा गड्डा ठेवा, त्यांचे नाते सांगावे लागत नाही. रोवळीशेजारी तांदूळ धुतलेल्या पाण्याचे पातेले ठेवा. तसेच दारूची बाटली, द्राक्षे आणि उभा काचेचा पेला हा प्रदर्शनांतून वर्षानुवर्षे दिसणारा ग्रुप. ज्याच्या घरात त्या वस्तू रोज वापरात आहेत त्याने तो जरूर रंगवावा. बाकीच्यांनी स्वतःच्या ओट्याकडे एकदा पाहावे.

हे धाडस मला शार्दँकडून मिळाले. झाँ-सिमेआँ शार्दँ, १६९९ ते १७७९, पॅरिसचा. राजे आणि देवदेवता रंगवणे हेच मोठे काम मानण्याच्या त्या काळात त्याने घरातली भांडी रंगवली. लूव्हरमध्ये त्याचे एक चित्र आहे, तांब्याच्या पाण्याच्या टाकीचे. खाली तोटी, शेजारी बादली आणि घागरीसारखे एक भांडे. आपल्या बंबाची आठवण व्हावी असे ते धूड एका वहीएवढ्या लाकडी फळीवर त्याने अशा गांभीर्याने उभे केले आहे की राजाच्या व्यक्तिचित्राला हेवा वाटावा. पिट्सबर्गच्या कार्नेगी संग्रहालयातले त्याचे साधारण १७६१चे चित्र तर त्याहून उघडे: पाण्याचा पेला, मातीचे कॉफीचे भांडे, लसणाचे गड्डे. पेला वर रुंद होत जातो आणि भांडे वर निमुळते. पेल्यातून उजेड आरपार जातो, भांडे तो पिऊन टाकते. सगळी मांडणी एवढ्या एका विरोधावर उभी आहे. लसूण खाली पसरून पांढऱ्याचे छोटे छोटे तुकडे ठेवतो, एवढेच त्याचे काम, आणि तो गड्डा उचलला तर चित्र कोसळेल.

वस्तू निवडताना मी त्यांच्या स्वभावाकडे अशीच पाहते. चिंचेने घासून लखलखीत केलेले पितळ मांडणीत नको. त्यात खिडकी, पंखा, मी स्वतः, सगळे दिसते आणि भांडे दिसत नाही. थोडे काळवंडलेले पितळ घ्यावे. आतून कल्हई केलेले पातेले असेल तर ते किंचित कलते ठेवावे, म्हणजे आतला राखाडी पांढरेपणा आणि बाहेरचा पिवळा एकमेकांना तोलून धरतात. स्टीलचे भांडे हा सगळ्यात अवघड गडी. त्याला स्वतःचा रंगच नाही, शेजाऱ्याचा घेतो. विद्यार्थी त्याला घाबरतात. मी म्हणते, त्याच्या शेजारी टोमॅटो ठेवा आणि बघा, भांड्याच्या पोटात एक लाल पट्टा उमटतो, आणि दोन वस्तू एकदम एका घरातल्या होतात.

भाजी-फळांचे आयुष्य लक्षात ठेवावे लागते. मेथी तासाभरात मान टाकते. वांग्याचा हिरवा देठ दुसऱ्या दिवशी सुरकुततो. सीताफळ रात्रीतून उकलते. केळ्यावर काळे डाग येतात, पण ते मला आवडतात, म्हणून केळी आधीच घेऊन ठेवते. कांदा, लसूण, लाल भोपळा, नारळ हे भरवशाचे. सेझान इतका सावकाश रंगवायचा की फुले टिकत नसत, शेवटी त्याने कागदाची फुले वापरली. मी मात्र नाशवंत वस्तू आधी रंगवते आणि भोपळा शेवटी. त्यामुळे चित्रात वेगवेगळ्या दिवसांचा उजेड मिसळतो. तो मिसळू द्यावा.

वस्तू जमल्या की खरे काम सुरू होते, आणि ते वस्तूंमधल्या अंतरांचे असते. टेबलाशी उभे राहून वरून मांडणी करू नये. जिथून रंगवणार तिथे बसावे, पाहावे, उठावे, बोटभर सरकवावे, पुन्हा बसावे. उभे असताना तांब्याच्या तोंडाचे लंबवर्तुळ मोठे, उघडे दिसते. बसल्यावर तेच मिटत जाते. डोळ्याची पातळी बदलली की वस्तूंचे एकमेकांवर चढणेही बदलते. दोन कडा नुसत्या टेकल्या तर डोळा तिथे अडकतो. एक वस्तू दुसरीच्या मागे स्पष्ट जाऊ द्यावी, नाहीतर मधे मोकळी फट सोडावी. सगळ्या फटी सारख्या झाल्या तर वस्तू रांगेत उभ्या राहतात. डोळे किलकिले करून पाहिले की वस्तू विरतात आणि राहतात ते गडद-फिकटाचे मोठे तुकडे. ते तीन-चार तुकडे चांगले असतील तर मांडणी झाली. पुठ्ठ्यात चौकोनी खिडकी कापून त्यातून पाहणे हा जुना उपाय आजही तितकाच उपयोगी आहे. मोबाइलवर कृष्णधवल फोटो काढून पाहायलाही हरकत नाही, पण पुठ्ठा तुम्हाला बसल्या जागी डोळा स्थिर ठेवायला लावतो, फोन लावत नाही.

अंतरांचा धडा ज्याला हवा त्याने सांचेझ कोतानचे १६०२च्या सुमाराचे चित्र पाहावे. स्पेनमधल्या या चित्रकाराने एका दगडी चौकटीत एक क्विन्स फळ आणि एक कोबी दोऱ्याने टांगला, खाली कठड्यावर चिरलेला खरबूज ठेवला आणि शेवटी एक काकडी कठड्याबाहेर आपल्याकडे काढली. वरच्या डाव्या कोपऱ्यातून खाली उजवीकडे एक वळण उतरत येते. आणि उजवीकडचा वरचा मोठा भाग? निव्वळ काळा. त्या काळ्याला हात लावायचे धैर्य कुणाला होईल? कोबी एवढा भारी दिसतो तो त्या रिकाम्या काळ्यामुळे. पुढच्याच वर्षी हा माणूस कार्थुसियन मठात गेला.

सेझान याच्या अगदी उलट. लुई ल बाय नावाच्या तरुण चित्रकाराने त्याला मांडणी करताना पाहिले आणि ते लिहून ठेवले. सेझानने कापड हलकेच पसरले, हिरव्याला लालाशी आणि पिवळ्याला निळ्याशी भिडवले, फळे फिरवली, कलती केली, त्यांच्याखाली नाणी सरकवली. हे वाचल्यावर मीही फळांखाली नाणी ठेवू लागले. पेरू आपल्या आपण बसला तर आडवा बसतो. नाण्यावर कलला की त्याचा देठ कुणाकडे तरी पाहतो. सेझानच्या सफरचंदांच्या टोपलीच्या चित्रात कापडाच्या डावीकडची टेबलाची कड आणि उजवीकडची कड एका रेषेत येत नाहीत. त्याने मांडणी टेबलावर सुरू केली आणि कॅनव्हासवर चालू ठेवली.

मोरांदीबद्दल मी कमी बोलते, कारण बोलू लागले तर थांबणार नाही. बोलोन्याच्या एका घरात, जिथे झोपायचे त्याच खोलीत, त्याने आयुष्यभर त्याच बाटल्या आणि डबे मांडले. काहींना त्याने मॅट रंग दिला, म्हणजे चमक जावी. त्यांच्यावर धूळ बसू दिली. टेबलावरच्या कागदावर वस्तूंच्या जागा आखून ठेवल्या. आपल्याकडे प्रभाकर बरवे (१९३६–१९९५) वस्तू टेबलावर मांडत नव्हते, पण अवकाशात वस्तूला जागा कशी मिळते याचा एवढा विचार करणारा दुसरा मराठी चित्रकार मला माहीत नाही. वस्तुचित्र करणाऱ्या प्रत्येकाने त्यांचे ‘कोरा कॅनव्हास’ वाचावे.

कापडाबद्दल थोडे. खळ घातलेल्या मांजरपाटाच्या घड्या कडक पडतात आणि टिकतात. जुन्या सुती साडीच्या घड्या रात्रीत बसतात आणि सकाळी ओळखू येत नाहीत. नायलॉन घेऊच नये. घडी कुठून सुरू होते ते दिसले पाहिजे: टेबलाची कड, खिळा, भांड्याचे बूड. मी मोक्याच्या जागी टाचणी लावते, वस्तूंभोवती खडूने खुणा करते आणि घरच्यांना सांगते की या टेबलाला फडके लावायचे नाही.

हे सगळे मी इतके तपशिलाने लिहिले त्याला कारण आहे. महाराष्ट्रातली हजारो मुले एलिमेंटरीला वस्तुचित्र आणि इंटरमिजिएटला स्थिरचित्र काढतात. मीही त्या परीक्षांतूनच आले आणि त्यांचे ऋण मानते. एवढ्या मुलांना भांड्याकडे नीट बघायला लावणारी दुसरी व्यवस्था आपल्याकडे नाही. पण तिथे ग्रुप सर लावतात किंवा बाई लावतात. मूल ज्या बाकावर बसेल तिथून जे दिसेल ते काढते. परीक्षेत ते अटळ आहे. वर्षभराच्या वर्गात अटळ नाही. उजेड कुठून घ्यायचा, किती वस्तू ठेवायच्या, कोणती काढून टाकायची, मधे किती जागा सोडायची, हे चित्राचे पहिले आणि सगळ्यात मोठे निर्णय आहेत आणि मुलाने पेन्सिल हातात घेण्याआधीच ते दुसऱ्या कुणीतरी घेतलेले असतात. मग ते मूल छायाप्रकाश उत्तम शिकते, आणि पुढे मोठेपणी रिकाम्या टेबलासमोर गोंधळते. माझ्याकडे येणाऱ्या मोठ्या विद्यार्थ्यांत मी हे सतत पाहते. हात तयार असतो, पण काय कुठे ठेवायचे ते सुचत नाही.

कलाशिक्षकांना माझी विनंती आहे: येत्या जूनमध्ये वर्ग सुरू झाले की आठवड्यातला एक तास स्टूल रिकामे ठेवा. मुलांना घरून एकेक वस्तू आणायला सांगा, चारचारांचे गट करा, एक खिडकी बंद करा आणि ग्रुप त्यांनाच लावू द्या. त्या तासाला चित्र झाले नाही तरी चालेल.