नात्याइतकं अंतर

360 चे विभाजक लिहायला सांगितले, की आपण 1, 2, 3 करत निघतो, 180 आणि 360 पर्यंत पोचतो, चोवीस भरले याची खात्री करतो आणि वही मिटतो. मला त्या चोवीस जणांपेक्षा त्यांच्यामधल्या तेवीस फटींचा नाद अधिक. पाठकोरा कागद हाताशी असावा, कुठलीही संख्या घ्यावी, तिचे विभाजक चढत्या क्रमाने मांडावेत आणि शेजाऱ्याशेजाऱ्यांची वजाबाकी करत बसावं. गाडी उशिरा येणार असेल तर येऊ दे.

सुरुवातीला गर्दी असते. 1 ते 6 एकमेकांना खेटून. मग 8, 9, 10. पुढे पावलं लांबत जातात. 40 आणि 45 मध्ये 5, 72 आणि 90 मध्ये 18, 120 आणि 180 मध्ये 60, आणि शेवटी 180 ची भलीमोठी ढांग. एवढं कुणालाही दिसतं. पण 40 आणि 45 चा मसावि काढा: 5. 72 आणि 90 चा 18. 120 आणि 180 चा 60. टोकापासून टोकापर्यंत तपासा, तेवीसच्या तेवीस ठिकाणी अंतर आणि मसावि एकच!

यातली अर्धी शिस्त सगळ्याच संख्यांना लागू आहे. दोन संख्यांना ज्याने भाग जातो, त्याने त्यांच्या वजाबाकीलाही जातो. म्हणून मसाविपेक्षा कमी अंतर कुणालाच ठेवता येत नाही. 8 आणि 9 चिकटून राहू शकतात, कारण 1 सोडून त्यांच्यात काहीच सामाईक नाही. 120 आणि 180 ना ती मोकळीक नाही. दोघांनीही 360 ला भाग जातो, त्यामुळे त्यांचा लसावि 360 हून मोठा होऊ शकत नाही. एवढ्या मोठ्या दोघांना त्या मर्यादेत मावायचं तर बरंच काही सामाईक असावं लागतं, आणि जेवढं सामाईक, निदान तेवढं लांब राहावं लागतं. वाटण्या झालेल्या भावकीसारखं आहे हे: परके भिंतीला भिंत लावून सुखाने नांदतात, सख्ख्यांमध्ये बांध घालावा लागतो.

उरलेली अर्धी शिस्त मात्र थोड्यांनाच जमते. 720 ला जमते. 2520 ला 1 ते 10 सगळ्यांनी भाग जातो, त्यामुळे तिच्याकडून फार अपेक्षा. पण ऐन मध्यावर 45 नंतर एकदम 56 येतो. अंतर 11, मसावि 1. नातं काही नाही आणि तरीही दुरावा. विषम संख्यांचं तर गणितच निराळं. त्यांचे सगळे विभाजक विषम, म्हणून सगळी अंतरं सम. त्यांतलं एकही त्या संख्येचा विभाजक असू शकत नाही.

विभाजकांना जोडीदारही असतात. 18 गुणिले 20 म्हणजे 360. दोघांच्या मधोमध 19; त्याच्या वर्गातून, 361 मधून, 1 चा वर्ग वजा केला की 360. तुलूझच्या पिएर द फेर्माने 1643 च्या सुमारास एका पत्रात याच वाटेने 2,02,76,51,281 ही संख्या फोडली. विभाजकांच्या मागे न लागता तो अंतराच्या मागे लागला. वर्गमुळाच्या लगेच वरचा 45030 घ्यायचा, त्याच्या वर्गातून दिलेली संख्या वजा करायची, बाकी पूर्ण वर्ग आहे का पाहायचं, नसेल तर एक पायरी वर. बाराव्या पायरीला, 45041 वर, बाकी आली 1020 चा वर्ग. तिथून 1020 मागे 44021 आणि 1020 पुढे 46061, हेच ते दोन विभाजक. एकेका मूळ संख्येने भागून पाहायचं ठरवलं असतं, तर चार हजारांहून जास्त भागाकार झाले असते. म्हणूनच आज गुप्तलेखनाच्या किल्ल्या घडवताना एकमेकींच्या फार जवळच्या मूळ संख्या निवडत नाहीत.

मग इतर संख्यांचं काय? पॉल एर्डोश या हंगेरियन गणितीचा अंदाज होता, की जवळजवळ प्रत्येक संख्येला असे दोन विभाजक सापडतात, ज्यांतला मोठा लहानाच्या दुपटीपेक्षा कमी असतो. हेल्मुट मायर आणि जेराल्द तेनेनबाउम यांनी 1984 मध्ये ते सिद्ध केलं. ‘जवळजवळ’चा अर्थ असा, की जितकं दूरवर मोजत जावं तितका अपवादांचा वाटा शून्याकडे झुकतो. अपवाद मात्र अनंत आहेत. मूळ संख्यांकडे एकच फट असते. 2 चे घात तर अट अगदी काठावर चुकवतात: 1, 2, 4, 8, 16, प्रत्येक पाऊल नेमकं दुप्पट.

विभाजक गुणाकारातून येतात, अंतर वजाबाकीतून. या दोन क्रियांचं आपसांत फारसं जमत नाही, आणि संख्यासिद्धांतातले कितीतरी अवघड प्रश्न याच बेबनावातून आले आहेत. 360 सारख्या संख्येत तो बेबनाव तेवीस वेळा मिटतो, म्हणून ती मला आवडते. 2520 मध्ये तो 45 आणि 56 च्या मध्ये उघडा पडतो, म्हणून तीही.