धारवाडच्या हवेतली वीज

धारवाड म्हटले की आपल्या घरांत आधी पेढा आठवतो आणि मग गाणे. तिसरी आठवण आकाशवाणीची असायला हवी. १९५० साली, धारवाड मुंबई राज्यात असताना, हे केंद्र सुरू झाले. मल्लिकार्जुन मन्सूर इथे संगीत सल्लागार होते. घरी मराठी बोलणारे कन्नड कवी द. रा. बेंद्रेही या केंद्राचे सल्लागार होते.

गेल्या सुट्टीत हुबळीहून धारवाडला जाताना भाच्याने मोबाईलवर एक जाहिरात दाखवली. हवेतल्या रेडिओलहरींवर फोन चार्ज करणारी डबी! "मामा, घेऊया?" मी म्हटले, आधी हिशोब करू.

धारवाडचा मध्यम लहरींचा प्रक्षेपक २०० किलोवॅटचा. ऐकायला प्रचंड. पण ही ऊर्जा चहूकडे पसरते. हुबळी तिथून सुमारे २० किलोमीटर. तेवढ्या त्रिज्येच्या अर्ध्या गोलाचे क्षेत्रफळ भरते २५० कोटी चौरस मीटर. म्हणजे हुबळीत एका चौरस मीटरच्या वाट्याला येतो वॅटचा साधारण साडेबारा हजारावा भाग. तो सगळाच्या सगळा पकडता आला, तरी मोबाईलची १५ वॅट-तासांची बॅटरी भरायला २१ वर्षे लागतील. शिवाय नुसती पडून राहिलेली बॅटरी महिन्याला एखाद-दोन टक्के उतरते. ती गळतीच या कमाईपेक्षा जास्त आहे.

मग ही ऊर्जा निरुपयोगी का? मुळीच नाही. पूर्वी हौशी मुले गॅलेनाच्या खड्यावर रेडिओ बनवत. त्याला बॅटरी लागत नसे, कारण कानाला लावलेल्या इयरफोनला अगदी थोडी शक्ती पुरते. आज पुण्याहून धारवाडला येताना टोलनाक्यावर हेच घडते. काचेवरच्या फास्टॅगमध्ये बॅटरी नसते. काही मीटरवरच्या यंत्राच्या लहरींनी त्यातली चिप क्षणभर जागी होते आणि आपला क्रमांक सांगते. अंतर कमी, काम चिमुकले, म्हणून जमते.

फोनची भूक मात्र मोठी. भर दुपारी एक चौरस मीटरवर सुमारे १००० वॅट ऊन पडते, म्हणजे त्या रेडिओलहरींच्या सव्वा कोटी पट. फुकटचीच वीज हवी असेल, तर गच्चीवर सोलर पॅनेल लावावे.

भाच्याला मी दोनच प्रश्न शिकवले: किती वॅट? किती अंतरावरून? त्याने जाहिरात पुन्हा वर-खाली करून पाहिली. दोन्ही आकडे कुठेच नव्हते. त्या पैशांत आम्ही पेढे घेतले.