मळणी आधी, मशागत नंतर

मराठी वाङ्मयाच्या विद्यार्थिनीने संगणकाच्या नादी का लागावे, असे मैत्रिणी विचारतात. मी म्हणते, याद्यांसाठी. 'पायथॉन' ही संगणकाची भाषा. ग्वीदो व्हान रॉसम यांनी ती १९९१ मध्ये लोकांपुढे आणली. (नाव अजगरावरून नव्हे, एका इंग्रजी विनोदी नटमंडळीवरून!) तिच्यात 'लिस्ट' नावाची एक सोय आहे. चौकटी कंसात, स्वल्पविराम देऊन, हवे ते शब्द मांडायचे. ज्या क्रमाने मांडाल त्याच क्रमाने ते राहतात.

आमच्या घरी महाविद्यालयाची पायरी चढणारी मी पहिलीच. आईला अक्षरओळख नाही, पण शेतीचे शब्द तिच्यापाशी किती म्हणून सांगू! ते लिहून ठेवावेत असे मला वाटले. कामांची नावे सांग म्हटल्यावर ती थांबलीसुद्धा नाही : मशागत, पेरणी, कोळपणी, खुरपणी, कापणी, मळणी. मी तशीच लिस्ट केली. पायथॉन शून्यापासून मोजते, म्हणून मशागत शून्यावर आणि मळणी पाचावर.

शब्दसंग्रह म्हटला की अकारविल्हे हवा. त्यासाठी दोन वाटा आहेत. 'सॉर्ट' मूळ यादीच हलवून टाकते, मग पहिला क्रम परत मिळत नाही. 'सॉर्टेड' दुसरी नवी यादी देते, मूळ यादीला हात लावत नाही. मी दुसरी वाट धरली. आईचा क्रम पुसणारी मी कोण?

नवी यादी अशी आली : कापणी, कोळपणी, खुरपणी, पेरणी, मळणी, मशागत. शाळेतल्या वर्णमालेत 'ळ' येतो 'ह'च्या नंतर, म्हणजे मशागत आधी हवी. पण यंत्र अक्षर ओळखत नाही, त्याचा युनिकोड क्रमांक पाहते. तिथे 'ळ' २३५५ आणि 'श' २३५८! यावर उपाय म्हणजे आणखी एक यादी. आपली वर्णमाला काना-मात्रांसह लिस्टमध्ये मांडायची आणि त्या क्रमाने लाव, असे 'सॉर्टेड'ला सांगायचे. मशागत मळणीच्या पुढे आली. 'क्ष' मात्र अजून सुटलेला नाही. यंत्राच्या लेखी तो क, हलन्ताची खूण आणि ष असा तीन तुकड्यांचा आहे.

आईला पहिली फसलेली यादी वाचून दाखवली. ती खुरपे खाली ठेवून हसली. "मशागत सगळ्याच्या शेवटाला? मंग पेरलं कशात गं?"

मग तिची मूळ यादी वाचली. "उफणणी ऱ्हायली की," ती म्हणाली. 'अपेंड' केले, ती शेवटी जाऊन बसली. थोड्या वेळाने विरळणी आठवली, ती पेरणीच्या मागोमाग हवी. 'इन्सर्ट'ने दोनाच्या जागी घातली, बाकीची कामे एकेक पाऊल मागे सरकली.

आता यादीत आठ कामे आहेत. मोजून आठ आणि शेवटचा आकडा सात, हे मात्र आईला अजून पटलेले नाही.