दुसऱ्याचं सोनं

माझे वडील विट्याजवळच्या खेड्यातून १९७४ साली दिल्लीला आले आणि चांदणी चौकातल्या कूचा महाजनीत गलाईच्या दुकानी कामाला लागले. खानापूर-आटपाडीच्या दुष्काळी पट्ट्यातली कितीतरी घरं याच धंद्यावर देशभर पांगली. मोडीचे दागिने, कानशीखाली सांडलेला कीस, सराफाच्या दुकानातली झाडलोट हे सगळं भट्टीत घालून त्यातून शुद्ध सोनं काढायचं. त्याच चांदणी चौकात, लाल किल्ल्याच्या अंगाला, कूचा चौधरी हा कॅमेऱ्यांचा बाजार आहे. वडिलांचं आयुष्य पहिल्या कूच्यात गेलं, माझं दुसऱ्यात चाललं आहे. गेली बावीस वर्षं मी दिल्ली, गुडगाव, नोएडा, गाझियाबाद इथे लग्नांचे फोटो काढतो.

दर दिवाळीच्या सुमारास कुणा ना कुणा नात्यातल्या मुलाचा फोन येतो. ‘काका, फोटोग्राफीचा धंदा सुरू करतोय. कॅमेरा कोणता घेऊ?’ मी आधी विचारतो, काम कुठलं करणार, कुठे आणि किती वाजता? या तीन उत्तरांतून निम्मी यादी आपोआप तयार होते.

दिल्लीचं लग्न रात्रीचं. वरात दहाला येते, जयमाला बाराला, फेरे दोन-तीनला. मंडपात पिवळे दिवे, मागे एलईडीचा पडदा, समोर होमाचा धूर. अशा वेळी बॉडीपेक्षा लेन्सला जास्त महत्त्व येतं. कॅमेऱ्याबरोबर मिळणारी स्वस्त झूम लेन्स लांबच्या टोकाला एफ ५.६ वर अडते. एफ १.८ ची साधी प्राइम, म्हणजे झूम न होणारी लेन्स तिच्या जवळजवळ दहापट प्रकाश आत घेते. म्हणून ३५ आणि ८५ मिलिमीटरच्या दोन प्राइम घ्याव्यात. पहिलीत मंडप आणि माणसं मावतात, दुसरीत फेऱ्यांच्या वेळी आईचे डोळे मिळतात. ७०-२०० ची जड झूम लागेल त्या दिवशी भाड्याने आणावी. आणि एलईडीच्या उजेडात आवाज न करणाऱ्या इलेक्ट्रॉनिक शटरच्या मोहात पडू नये. ते चित्र ओळीओळीने वाचतं, दिवे डोळ्यांना न दिसणाऱ्या वेगाने लुकलुकतात, आणि नवरीच्या चेहऱ्यावर आडवे पट्टे उमटतात. यांत्रिक शटर तिथे बरंच सुरक्षित.

आता सगळ्यात महत्त्वाचं. धंद्यात पडल्यावर दुसऱ्याच वर्षी मी सगळी शिल्लक एका उंची कॅमेऱ्यात घातली होती. त्यात कार्डाची जागा एकच. गाझियाबादच्या एका लग्नात ते कार्ड वाचलंच जाईना. हळदीचे सगळे फोटो गेले. नवरीची आजी त्या हळदीला होती आणि महिन्याभरात ती वारली. मी पैसे परत केले, हात जोडले. मुलीची आई मला रागावली नाही. तिने एवढंच विचारलं, ‘एकही नहीं बचा, भैया?’

त्या रात्री वडिलांनी मला दुकानाची वही दाखवली. सोनं हातात आलं की ते मालकासमोर तोलायचं, वहीत लिहायचं, मगच मुशीत घालायचं. म्हणाले, ‘भट्टी स्वतःची असते. मुशीतलं सोनं दुसऱ्याचं असतं.’ त्यानंतर मी कुठलीही वस्तू घेताना त्याच एका प्रश्नावर कसून बघतो: ही बंद पडली तर दुसऱ्याचं सोनं वाचेल का?

म्हणून एका भारी बॉडीऐवजी एकाच माउंटच्या दोन मध्यम बॉडी घ्या, जुन्या चालतील. पण दोन्हींत कार्डाच्या दोन-दोन जागा हव्यात, म्हणजे प्रत्येक फोटो एकाच वेळी दोन कार्डांवर उतरतो. समजा हाताशी तीन लाख आहेत. मी एक लाख तीस हजार दोन वापरलेल्या फुलफ्रेम बॉडींना देईन, ऐंशी हजार दोन लेन्सना, तीस हजार दोन फ्लॅश आणि ट्रिगरला, तीस हजार कार्डं, बॅटऱ्या आणि दोन हार्ड डिस्कना. उरलेले तीस हजार विमा, दुरुस्ती आणि भाड्यासाठी बाजूला. इथला लग्नाचा हंगाम देवउठनी एकादशीला सुरू होतो आणि डिसेंबरच्या मध्यापासून संक्रांतीपर्यंत खरमासात जवळजवळ थांबतो. सामानासाठी कर्ज काढलं असेल तर त्या महिन्यात हप्ता मात्र थांबत नाही.

कूचा चौधरीत जुना माल घेताना शटर किती वेळा उडालं ते बघा. बऱ्याच बॉडींचं शटर एक ते दोन लाख क्लिकसाठी बनवलेलं असतं. लेन्समधून टॉर्च मारा, बुरशीचे धागे दिसतील. नवा माल बिलाशिवाय स्वस्त मिळतो, पण त्याला इथली वॉरंटी नसते आणि विमाही अडतो. कॅमेऱ्यावर १८ टक्के जीएसटी आहे. उद्या धंदा वाढून सेवेची उलाढाल वर्षाला २० लाखांवर गेली की नोंदणी करावीच लागते, आणि नोंदणीनंतरच्या खरेदीवरचा कर वळता करायला पक्कं बिलच लागतं.

ड्रोन पहिल्या यादीत नको. २०२१ च्या ड्रोन नियमांप्रमाणे विमानतळाच्या हद्दीपासून पाच किलोमीटरपर्यंत रेड झोन असतो, आणि कापसहेड्याची लग्नाची फार्महाउसं पालम विमानतळाला खेटून आहेत. तिथे सरकारी परवानगीशिवाय ड्रोन उडवता येत नाही.

थंडीची तयारी मात्र हवी. जानेवारीच्या धुक्यात बॅटरी लवकर उतरते, म्हणून जादा बॅटऱ्या खिशात, अंगाच्या उबेला ठेवायच्या. गार पडलेला कॅमेरा हिटर लावलेल्या हॉलमध्ये नेला की काचेवर दव धरतं. पिशवीची चेन बंद ठेवून तो अर्धा तास तसाच आत राहू द्यावा.

नव्या मुलांना मी गुडगावच्या म्यूझिओ कॅमेरा या संग्रहालयात पाठवतो. तिथले जुने कॅमेरे बघितले की वृत्तछायाचित्रकार होमाई व्यारावाला आठवतात. मुंबईच्या जे. जे. मध्ये शिकलेल्या होमाई १९४२ मध्ये दिल्लीला आल्या आणि साडी नेसून, सायकलवरून अवजड सामान वाहत त्यांनी या शहराचा इतिहास टिपला. रोलायफ्लेक्स कॅमेऱ्याच्या एका रोलमध्ये तेव्हा बाराच फोटो निघत. सामान थोडं होतं, पण त्यातल्या प्रत्येक वस्तूवर भरवसा होता.

विदाई पहाटे होते. गाडीत बसण्याआधी मी दोन्ही डिस्कवर सगळं उतरवून घेतो आणि वहीत लिहितो. एक डिस्क माझ्यासोबत येते. दुसरी माझ्या मदतनिसाच्या खिशात, वेगळ्या गाडीने, त्याच्या घरी जाते. घरी पोचल्याचा त्याचा फोन आला की मग मी झोपतो.