एमजीबीचे किंगपिन उतरवताना

ब्रिटनमधल्या ॲबिंग्डनच्या कारखान्यात एमजीबी ही छोटी स्पोर्ट्स कार 1962 ते 1980 या काळात बनत होती. तिच्या पुढच्या सस्पेन्शनचा आराखडा मात्र गाडीपेक्षा बराच जुना आहे. त्याचे मूळ 1947 मध्ये बाजारात आलेल्या एमजी वाय-टाइपमध्ये सापडते. पुढे मॉरिस मायनर आणि मिनी या गाड्यांमुळे नावारूपाला आलेले ॲलेक इसिगोनिस यांनी तो तयार केला होता. त्यामुळे त्यात बॉल जॉइंट नाहीत. पुढचे चाक ज्यावर वळते तो किंगपिन नावाचा पोलादी खांब आहे, आणि त्याचे आयुष्य सर्वस्वी ग्रीसवर अवलंबून असते.

मांडणी साधी आहे. इंजिनाखाली आडवा क्रॉसमेंबर असतो. त्याच्या दोन्ही टोकांवर लिव्हर-आर्म पद्धतीचे शॉक ॲब्सॉर्बर बोल्टने बसवलेले असतात, आणि त्यांचे हातच वरच्या विशबोनचे काम करतात. खाली दोन वेगळे हात आणि त्यांना जोडणारी स्प्रिंगची थाळी मिळून खालचा विशबोन होतो. या दोहोंच्या मध्ये किंगपिन उभा असतो. वरच्या टोकाला ट्रनिअन आणि खालच्या टोकाला आडवा फुल्क्रम बोल्ट त्याला धरून ठेवतात.

काही उघडण्याआधी झीज नेमकी कुठे आहे हे ठरवावे लागते. चाक उचलून वर-खाली धरून हलवले आणि खडखड जाणवली, तरी दोष किंगपिनचाच असेल असे नाही. व्हील बेअरिंगही सैल असू शकते. अशा वेळी दुसऱ्या माणसाने ब्रेक दाबून धरावा. खेळ नाहीसा झाला तर तो बेअरिंगमधला होता, तसाच राहिला तर किंगपिनमधला किंवा त्याच्या टोकांच्या सांध्यांतला.

उतरवण्याच्या कामात खरा धोका स्प्रिंगचा आहे. चाक हवेत लोंबत असले तरी स्प्रिंग मोकळी झालेली नसते. शॉक ॲब्सॉर्बरचा हात रबरी अडसरावर टेकून तिला दाबून धरतो. म्हणून गाडी चॅसीखाली घोड्या लावून पक्की करायची आणि मुख्य जॅक स्प्रिंगच्या थाळीखाली घ्यायचा. इंजिन आधीच बाहेर काढलेले असेल तर ही युक्ती फसते, कारण पुढचा भाग हलका होतो आणि जॅक स्प्रिंग दाबण्याऐवजी गाडीच घोडीवरून उचलतो. सस्पेन्शन आणि इंजिन दोन्ही काढायचे असतील तर आधी स्प्रिंग काढावी.

पुढचा क्रम ठरलेला आहे. ब्रेकचा कॅलिपर सोडवून तारेने वर टांगावा. होजवर त्याचे वजन येऊ देऊ नये. टाय रॉडचे टोक सुटत नसेल तर ते ज्या डोळ्यात बसते त्याच्या दोन्ही बाजूंनी एकदम हातोडे मारले की पकड सुटते. मग थाळीखालचा जॅक किंचित वर घेऊन वरच्या ट्रनिअनची पिन काढायची आणि जॅक हळूहळू खाली सोडायचा. ताण पूर्ण गेला की स्प्रिंग हाताने निघते.

खालचा फुल्क्रम बोल्ट मात्र सहसा सहज निघत नाही. ग्रीस न मिळाल्याने तो आपल्या डिस्टन्स ट्यूबमध्ये गंजून एकजीव झालेला असतो. जंग सोडवणारे तेल, उष्णता आणि हातोडा यांनीही तो हलला नाही, तर हाताच्या आणि किंगपिनच्या मधल्या फटीत करवत घालून दोन्ही बाजूंना कापणे शहाणपणाचे ठरते. बोल्ट नवा मिळतो. त्याच्यावर रागाने घाव घालून हात वाकवला तर काम वाढते.

सुटलेले भाग फेकू नयेत, ते पुसून वाचावेत. किंगपिनवर बोटाला लागणारी पायरी पडली असेल तर बुशही गेलेलेच असते. खालच्या हाताचे बाहेरचे भोक अंडाकृती झाले असेल, तर नुसता नवा बोल्ट घालून खडखड थांबणार नाही. हातच बदलावा लागतो. शॉक ॲब्सॉर्बरच्या शाफ्टमधून तेल झिरपत असेल तर तोही उतरवावा. ट्रनिअनखालच्या थ्रस्ट वॉशरची जाडी आणि क्रम लिहून ठेवावा, कारण किंगपिनचा उभा खेळ त्यावरच जुळवला जातो.

किंगपिनची नवी बुश नुसती ठोकून बसत नाहीत. वरचे आणि खालचे बुश एका रेषेत रीमरने घासून मापाला आणावे लागते. तो खास रीमर जवळ नसेल तर हे काम यंत्रशाळेकडे द्यावे किंवा तयार जुळवलेला संच घ्यावा. आतल्या रबरी बुशांचे नट मात्र गाडी चाकांवर उभी केल्यावरच शेवटचे आवळावेत. चाक लोंबत असताना ते आवळले तर रबर कायम पिळलेले राहते आणि लवकर फाटते.

प्रत्येक बाजूला तीन, म्हणजे एकूण सहा ग्रीस निपल या सस्पेन्शनवर आहेत. त्यांना दर 3,000 मैलांनी ग्रीस द्यायचे असते. उतरवलेल्या किंगपिनांची झीज पाहता अंतरापेक्षा दुर्लक्षानेच हे सांधे अधिक खराब होतात. म्हणून नवा संच बसवून झाल्यावर ग्रीस गन कपाटात मागे ढकलू नये.