औषधाच्या चिठ्ठ्या

मार्च उजाडला कीं उमरीसारख्या लहान गांवींहि पगारदार माणसाच्या घरीं वर्षभराच्या आजारांची मोजदाद सुरू होते. मराठवाड्यास हा हिशेब तसा नवाच. हिंदुस्थानचा प्राप्तिकराचा कायदा इकडे लागू झाला तो १९५० सालीं. शेतीच्या उत्पन्नावर तर तो कर आजहि नाहीं, त्यामुळें आमच्या शेजारच्या शेतकऱ्यांस या धांदलीची मौज वाटते. अर्थात् कर नाहीं म्हणून सूटहि नाहीं. आणि त्यांच्या औषधांचा खर्च आमच्याहून कमी असतो असें थोडेंच आहे!

१९६१ च्या कायद्यांतील ८०डी कलमानें विम्याच्या हप्त्यांवर वजावट दिली: स्वतः, पत्नी व अवलंबून असलेलीं मुलें यांच्यासाठीं २५,००० रुपयांपर्यंत, आणि आईबाप साठी उलटलेले असल्यास त्यांच्यासाठीं निराळी ५०,००० पर्यंत. २०२५ च्या नव्या कायद्यांत कलमाचा आंकडा बदलला, सांगाडा तोच राहिला. ज्या वृद्धाचा विमाच नाहीं, त्याच्या प्रत्यक्ष औषधोपचाराचा खर्चहि या मर्यादेंत धरतात. मात्र तो रोखीनें केलेला नसावा.

आमच्या अण्णांचें वय आणि मधुमेह पाहून विमेवाल्यांनीं त्यांस केव्हांच नकार दिलेला. तेव्हां त्यांच्या कवळीचा खर्च वजावटींत दाखवावा, असें आमच्या करसल्लागारांनीं सुचविलें. परंतु नांदेडास ज्यांच्याकडे कवळी बसविली ते दंतवैद्य रोखच मागत आणि पावती मागितली कीं कपाळाला आंठ्या घालीत. मोबाइलवरून पैसे देऊं म्हटलें, तर अण्णाच रागावले. "माझ्या तोंडांत दांत किती, हें सरकारला कशाला कळवायचें रे?" शेवटीं दुसरे दंतवैद्य शोधले, उरलेले पैसे त्यांस बँकेंतून दिले. धाकट्या मुलीच्या किडलेल्या दाढेस मात्र या कायद्यांत कोठेंच जागा नाहीं. तिचें वय साठ नव्हे. अमेरिकेंत उत्पन्नाच्या साडेसात टक्क्यांवरचा वैद्यकीय खर्च वजा मिळतो, त्यांत दांतांचाहि येतो. केवळ दांत पांढरे करण्याचा येत नाहीं. हा भेद आम्हांस शहाणपणाचा वाटतो.

आम्हांस खरी बोच आहे ती निराळीच. कायद्याच्या कुटुंबांत आईबाप बसतात, मग ते मुलावर अवलंबून असोत वा नसोत. आमच्या आत्याबाई बसत नाहींत. विसाव्या वर्षीं विधवा होऊन त्या या घरीं आल्या, आई सतत आजारी म्हणून आम्हां भावंडांस त्यांनींच वाढविलें. मोठ्या दुखण्यांसाठीं असलेल्या ८०डीडीबी कलमांत अवलंबून असलेल्या भावाबहिणींचीं नांवें आलीं, पण तेथेंहि आत्या नाहीं. हें त्यांस कळूं नये म्हणून आम्ही जपत होतों. पण एके दिवशीं चिठ्ठ्या निवडतांना त्यांनींच आपल्या रक्तदाबाच्या गोळ्यांच्या पावत्या बाजूस काढून ठेवल्या. "या तुझ्या उपयोगाच्या नाहींत," एवढेंच म्हणाल्या.

२०२३-२४ पासून जी नवी करपद्धति आपोआप लागू होऊं लागली, तींत या वजावटी नाहींतच. दर कमी, कटकटहि कमी. अण्णांमुळें आम्ही अजून जुनी पद्धत मागून घेतों. आत्याबाईंचा मोतीबिंदु दिवाळीनंतर काढावयाचा आहे, त्याचा खर्च नांदेडास विचारून ठेवला आहे. त्या म्हणतात, एकच डोळा पुरे.