तारेच्या चाकाची परीक्षा

१/ जुन्या मोटारीसमोर उभा राहिलो की माझे लक्ष प्रथम चाकांकडे जाते. मोटार कोणत्या संस्थानिकाची, हे पाटीवर लिहिलेले असते. ती किती भरवशाची, हे चाक सांगते. तारेच्या आऱ्यांचे चाक तर ते आवाजानेच सांगते.

२/ चाकाचे गणित मला प्रथम उमगले ते चंद्रपूर-गडचिरोलीच्या बैलगाडीवरून. (१९८२ पर्यंत हा एकच जिल्हा होता.) मध्ये तुंबा, भोवती लाकडी आरे, वर तापवून चढवलेली लोखंडी धाव. निवताना धाव आकसते आणि सारे सांधे आवळते. खालचे आरे खांबासारखे ओझे पेलतात.

३/ प्रारंभीच्या अनेक मोटारींची चाकेही लाकडीच होती. पण जेथे उन्हाळ्यात पारा ४५ अंशांपुढे जातो आणि मागोमाग मुसळधार पाऊस येतो, तेथे लाकूड आकसते, फुगते आणि सांधे सैल होतात. तारेच्या चाकाला हे दुखणे नाही. त्याचे वैरी गंज आणि ढिलाई.

४/ बारीक तार खांब होऊ शकत नाही. दाबली तर वाकते. म्हणून प्रत्येक तार आधीच ताणलेली असते. भार आला की खालच्या तारांचा ताण उतरतो, तरी त्या सैल पडता कामा नयेत. १८७४ मध्ये जेम्स स्टार्ली यांनी सायकलीसाठी तिरक्या, स्पर्शरेषेतील तारांचे पेटंट घेतले. अशा तारा तुंब्याचा पीळही धावेपर्यंत पोहोचवतात. मोटारीने ही विद्या सायकलीकडूनच घेतली.

५/ परीक्षा अशी: चाक जॅकवर उचलायचे, रिमजवळ खडू स्थिर धरायचा आणि चाक सावकाश फिरवायचे. जेथे खडू उमटेल तेथे चाक बाहेर आले आहे.

६/ मग हलक्या पान्याने एकेक तार वाजवायची. ताणलेली तार खणखणते, सैल किंवा तडकलेली बद्द वाजते. तुलना मात्र एकाच रांगेतील तारांची. लांबी बदलली की सूरही बदलतो.

७/ काढता येणाऱ्या चाकाच्या तुंब्यात आतून खाचा असतात. ब्रेक दाबून धरून चाक पुढे-मागे हलवावे. ‘टक्’ असा आवाज आला, किंवा खाचांपाशी तांबूस भुकटी दिसली, तर त्या झिजल्या आहेत.

८/ नवा रंग यातले बरेच झाकतो. रिमच्या आत, निपलपाशी लपलेला गंज टायर उतरवल्याशिवाय दिसत नाही. अशी मोटार मिरवणुकीत सावकाश चालेल. वेगात वळण घेताना मात्र त्याच तारांवर जीव टांगलेला असतो.

९/ ही विद्या आपल्याकडे अजून जिवंत आहे. तालुक्याच्या गावी सायकल दुरुस्त करणारा चाकाचा ‘आऊट’ काढतो, तेव्हा तो हेच करत असतो. संग्रहालयातील चाकाला हात लावता येत नाही. त्याच्या दुकानात लावता येतो. तेथे तार वाजवून पाहा.